नावाड्याची संथ धून

तक्रारी ऐकणं हे तिचं काम नव्हतंच मुळी. तिचं काम रेकॉर्डी ऐकण्याचं. जुन्या व्हिडिओ गेममधलं संगीत रेकॉर्डींवर आणून विकायचा मालकांचा छोटासा उद्योग होता. खाली दुकान, वर तिची खोली. कारखान्यातून नमुन्याची पहिली रेकॉर्ड आली, की जाड पडदा ओढून, हेडफोन चढवून ती बसायची. कुठे खुट्ट झालं, कुठे खरखरलं, की मिनिट आणि सेकंद टिपून ठेवायचं, आणि सगळं नीट असेल तर कागदावर 'पास' लिहून सही ठोकायची. दुकानात तिला सगळे कानसेन म्हणायचे. वरवर ती नाक मुरडायची, पण मनातून तिला ते फार आवडायचं.

त्या शनिवारी दुपारी काउंटरवरचा जेवायला गेला होता, आणि ती खाली आली होती ती फक्त चहाचा कप विसळायला.

"हे घाईत आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. उंच, सडपातळ, नखांत काळं ग्रीस. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि हा नखशिखान्त भिजलेला, पण छातीशी धरलेली रेकॉर्ड मात्र दोन पिशव्यांत गुंडाळून कोरडी ठणठणीत ठेवलेली.

"कोण घाईत आहे?"

"ही रेकॉर्ड. दुसऱ्या बाजूची पहिली धून. नकाशावरची. नावाडी किनाऱ्याला उभा असतो, होडी डुलत असते, आणि आपण बटण दाबेपर्यंत तो—"

"—वाट बघत राहतो. माहितीये मला." तिने पिशवीतून डोकावणारं नाव वाचलं. 'नऊ बेटांचा नावाडी'! तिच्या लहानपणीचा सगळ्यात लाडका गेम. "ही मीच पास केलीय."

"मग तुम्हीच चुकलात."

झालं! आजवर तिच्या कानांना चूक म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. तिने कप बाजूला ठेवला.

"तुमच्या प्लेअरचा वेग तपासलात का कधी?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो, बाई. फिरणाऱ्या वस्तूंचे वेग तपासण्यातच माझा जन्म चाललाय. प्लेअर बरोबर आहे."

"मग आठवण चुकीची असेल. लहानपणचं सगळं सगळ्यांनाच संथ आठवतं."

"आठवण माझी नाहीच. आईची आहे." त्याने ओले केस मागे सारले आणि एकदम ओशाळून हसला. "आई घरी शाळेचे गणवेश शिवायची. मी आणि ताई गेम लावायचो, भांडायचो, आणि तो तसाच चालू ठेवून खेळायला पळायचो. नकाशाची धून तासन्‌तास वाजत राहायची. आम्ही ती ऐकली नसेल इतकी आईने ऐकलीय. मशीन चालवता चालवता गुणगुणायची. म्हणून तिला ही भेट दिली... तर अर्ध्या मिनिटात म्हणाली, हे ते नव्हे. याला कुठेतरी जायचंय."

तिला हसू आवरेना.

"प्लेअरचा वेग कमी करून पाहिलात?"

"पाहिला. सूर खाली घसरले. आई म्हणाली, आता हा आजारी पडला. शिवाय दोनदा वाजून ते विरतं कसं, असंही तिचं म्हणणं आहे. आमच्या घरी ते कधी विरलंच नाही."

"दोनदा वाजवून विरवायची पद्धतच आहे हो आमच्यात! नाहीतर रेकॉर्ड संपायचीच नाही."

"ते तुम्ही आईला सांगा."

"ठेवून जा," ती म्हणाली. "तपासते. पुढच्या शनिवारी या."

तो गेल्यावर काउंटरवरचा परत आला आणि त्याने विचारलं, "कानसेन, एकट्याच काय हसताय?" तिने त्याला उडवून लावलं, पण हसू काही थांबलं नाही.

तिने तो गेम खेळला होता मामाकडे. मामा जहाजावर होता. त्याने टीव्ही आणि गेमचं यंत्र दोन्ही दूर तिकडून, जिथे हे गेम बनायचे त्या देशातून आणली होती. सुट्टीत आठ भावंडं त्या यंत्राभोवती जमायची. ती सगळ्यांत धाकटी, म्हणून तिची पाळी सगळ्यांत शेवटी, आणि बऱ्याचदा यायचीच नाही. मग ती नुसती ऐकत बसायची. ऐकायची सवय तिला तिथेच लागली. मामा गेला, घर विकलं, भावंडं चार दिशांना पांगली. पण ती धून लागली की मामाच्या घरची गार फरशी अजून पायांना लागायची. ती धून चुकीची कशी असेल?

बुधवारी तिला ते कळलं.

मालकांच्या कपाटात इकडे विकलं गेलेलं जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं. तिने ते जुन्या बोजड टीव्हीला जोडलं आणि नकाशा लावला. सूर तेच होते, अगदी तेच... पण चाल संथ! कारण साधं होतं. तिकडचे टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र आखायचे, इकडचे पन्नास वेळा. आणि गेममधली धून टीव्हीच्या ठेक्यावर चालायची. इकडच्या घराघरांतल्या पोरांनी ऐकली ती ही संथ धून. गेमच्या कंपनीने रेकॉर्ड करून दिली ती तिकडच्या यंत्रावरून. ती चूक कुणीही पकडली असती, एक तिच्याशिवाय, कारण सगळ्या गावात तिकडचा टीव्ही होता तो एकट्या तिच्या मामाकडे.

ती फरशीवर बसून किती वेळ ऐकत राहिली कुणास ठाऊक. मामाकडचा नावाडी हसरा होता. हा खरोखर कुणाची तरी वाट बघत होता. तिला गलबलून आलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

शनिवारी त्याला सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं.

शनिवारी तो आला. या वेळी कोरडा.

"सापडलं काही?"

"अजून... तपासतेय," तिच्या तोंडून निघून गेलं.

आता काय म्हणावं! खोटं बोलायची तिला सवय नव्हती. कान लाल झाले. पण सांगितलं असतं तर तो 'बरं, आभारी आहे' म्हणून निघून गेला असता, आणि पुन्हा या दुकानात यायचं त्याला कारण काय उरलं असतं? आणखी एकच शनिवार, असं तिने मनाला समजावलं. मन काय, लगेच समजलं.

एकाचे दोन झाले, दोनाचे तीन. तो वरच्या खोलीत येऊन बसू लागला. ती त्याला वेगवेगळ्या गेमच्या रेकॉर्डी ऐकवायची. "हे पाण्याखालचं संगीत," ती म्हणायची, "यात फक्त तीन आवाज आहेत. त्या यंत्राला एका वेळी तीनच सूर जमायचे."

"तीन सुरांत एवढा मोठा समुद्र?"

"तीनच होते म्हणून नीट वापरले. माणसाला चिक्कार मिळालं की तो उधळतो."

"मला तर आठवड्यातला एकच दिवस मिळतो," तो रेकॉर्डच्या वेष्टनाकडे बघत म्हणाला. "मी कुठे उधळतो?"

ती सुई पुसत राहिली. सुई मघाशीच पुसून झाली होती.

"तुम्ही रोज असंच बोलता का हो... लिफ्टमधल्या लोकांशी?"

"लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मला फक्त शिव्या देतात. आणि आता 'तुम्ही' पुरे की! मला म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

"बरं. तू," ती म्हणाली, आणि सुई पुन्हा एकदा पुसायला घेतली.

इकडे मालकांनी आठवण करून दिली होती, की 'नावाडी'ची दुसरी खेप छापायची आहे, नमुना पास करून पाठव. तो कागद तिच्या टेबलावर तसाच पडून होता, सही नाही, नकारही नाही. ती त्याच्यावर कप ठेवायची, म्हणजे दिसायला नको.

चौथ्या शनिवारी तो जरा उशिरा आला, आणि बसला नाही.

"रेकॉर्ड परत नेतो," तो म्हणाला. "आता राहू दे तपासायचं. आई पुढच्या रविवारी ताईकडे चाललीय. कायमची. ताईला बाळ झालंय, आणि आईला हे तीन जिने आता झेपत नाहीत. ते घर सोडतोय आम्ही." तो खिडकीबाहेर बघत होता. "तिला एकदा त्या खोलीत, त्या मशीनवर बसलेली असताना ते ऐकवायचं होतं, एवढंच. त्या खोलीत आमचं सगळं लहानपण गेलं गं. पण असू दे. तू एवढे दिवस खपलीस, तेच पुष्कळ."

गप्प बसायची सोय होती. तो काही विचारत नव्हता. पण तिला ते जमेना.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय?"

"धून घाईतच आहे. तिकडच्या यंत्राची आहे ती. तुझी आई बरोबर होती. मला... पहिल्याच बुधवारी कळलं होतं."

तो वळला. तिच्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"बरं," तो म्हणाला. रेकॉर्ड उचलून काखेत धरली. "तुम्ही सांगितलंत, आभारी आहे."

तुम्ही! दरवाजा त्याने हळूच लावला. ती त्या खोलीत उभीच राहिली, आणि मग टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडली.

रडून झाल्यावर तोंड धुऊन ती थेट मालकांपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. म्हणजे यंत्राचं सांगितलं, मनाचं नाही. मालकांनी डोक्याला हात लावला. "कानसेन, तुझ्या कानांवर मी डोळे मिटून विश्वास टाकतो गं!" बराच वेळ ते येरझाऱ्या घालत बडबडले. शेवटी दुसरी खेप थांबली; आता इकडच्या यंत्रावरून नव्याने रेकॉर्ड करून मगच छापायचं ठरलं. ते शांत झाल्यावर ती म्हणाली, "आणि एक दिवस मला मागच्या खोलीतलं रेकॉर्ड कोरायचं यंत्र हवंय. एकच प्रत कोरायचीय." तिचा चेहरा बघून मालकांनी कुणासाठी ते विचारलं नाही.

तक्रारीच्या कागदावर त्याचा घरचा नंबर होता. फोन आईने उचलला.

"दुकानातली का? तीच ना तू, रेकॉर्ड तपासणारी? घरात चार दिवस कुणी धड बोलत नाहीये. ये बाई, ये. काय करायचं ते येऊन कर."

गुरुवारी दुपारी त्याने दार उघडलं. "या," म्हणाला, आणि बाजूला झाला.

घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं. भिंतीवर कपाट होतं तिथे फिकट चौकोन उमटला होता, गाद्या गुंडाळलेल्या. पण माळ्यावरून त्याने यंत्र काढून ठेवलं होतं, जुना टीव्हीही. शिलाई मशीन शेजारणीला द्यायचं होतं, ते अजून खिडकीपाशीच होतं. आई बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि डोळे असे की समोरच्याच्या खिशातलंही दिसावं.

तिने यंत्रातून तार काढून दुकानातून आणलेल्या रेकॉर्डिंगच्या पेटीला जोडली. तो खाली रिकामी खोकी आणायला गेला. तेवढ्यात नकाशा लागला, आणि आई नकळत गुणगुणू लागली... किंचित बेसूर, पण ठेक्यात चोख. तार जोडणारे हात थांबले. तिने पिशवीतून माईक काढला आणि मशीनमागच्या फळीवर, कपड्यांच्या गठ्ठ्याआड ठेवला.

"हे काय गं?"

"माईक. नुसती धून नको, तुमचं मशीनही हवं त्यात. तुम्ही गुणगुणता तेही."

"म्हणजे खोलीतलं सगळंच येईल?"

"सगळं."

"असं का," आई म्हणाली. "बरं, बरं."

तो खोकी घेऊन आला. "वीस मिनिटं चालू राहील," ती त्या दोघांना म्हणाली. "पूर्वी जे करायचात तेच करा. मी बाहेर जिन्यात बसते."

"का?" त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तेव्हा मी या घरात नव्हते ना."

दार ओढून घेऊन ती जिन्यात जाऊन बसली. आतून मशीनची घरघर येत होती, मग थांबत होती, मग पुन्हा येत होती. तिने गुडघ्यांवर हनुवटी टेकली. हे घर सोमवारी रिकामं होणार, आणि हा माणूस तिला पुन्हा कधी दिसणार नाही, एवढंच तिला समजत होतं.

शुक्रवारी सकाळी तिने पडदा ओढला, हेडफोन चढवला आणि सवयीने वही उघडली. धून सुरू झाली. टांक्यांची घरघर. आईचं गुणगुणणं. कात्री ठेवल्याचा आवाज. अकराव्या मिनिटाला मशीन थांबलं.

"काय रे," आईचा आवाज आला, अगदी माईकजवळून, "आवडते ना ही तुला?"

तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? जन्मात स्वतःच्या शर्टाला इस्त्री न केलेला माणूस तू, आणि शनिवार उजाडला की इस्त्री घेऊन बसायचास. कुणासाठी, रेकॉर्डसाठी?"

नावाड्याची धून एकदा पूर्ण फिरली. मग तो बोलला, इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकूच आलं नसतं.

"आवडते. पण तिने मला तीन आठवडे फसवलं."

"का फसवलं, ते विचारलंस?"

"नाही."

"मग विचार की, ठोंब्या! मी चालले रविवारी. तिथून काय मी विचारायला येऊ?"

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तिने हेडफोन काढला, पुन्हा घातला, पुन्हा ऐकलं. वहीत नियमाने लिहायला हवं होतं, अकरावं मिनिट, नको असलेले आवाज, काढून टाकणे. तिने वही मिटली. मग मागच्या खोलीत जाऊन ती सगळी वीस मिनिटं, न विरवता, न कापता, एका रेकॉर्डवर कोरली.

शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्याकडे गेली. ट्रंकेवर प्लेअर, आई मशीनपुढच्या स्टुलावर, आणि तो भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. तिने सुई टेकवली.

धून खोलीभर पसरली. आईने डोळे मिटले. तिची बोटं मशीनच्या लाकडावर ठेका धरू लागली. "तू इथे बसायचास," ती डोळे न उघडता म्हणाली, "आणि ताई तिथे, पलीकडे. तुझं डोकं मध्ये यायचं म्हणून ती सारखी ढकलायची तुला." तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही. तोही खाली बसला, आईच्या पायांपाशी.

मग मशीनचा आवाज थांबला.

*काय रे, आवडते ना ही तुला?*

तो ताडकन उठला. कानशिलं तांबडीलाल! सुई उचलायला त्याने हात पुढे केला, तो तिने वरच्या वर धरला.

"उचलू नकोस," ती म्हणाली.

शेवटच्या शब्दापर्यंत तिघांनी ऐकलं. 'तिथून काय मी विचारायला येऊ' झालं आणि आई पदर सावरत उठली. "मी जरा दूध बघते," म्हणाली, आणि आत निघून गेली.

"तुम्ही... हे आधी ऐकलं होतंत?"

"तीनदा. कामच आहे माझं."

"मग काढून का नाही टाकलंत?"

"प्रश्न आहे त्यात. तू विचारलाच नाहीस, मी काय उत्तर देणार?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने धरलेला हात अजून तिच्याच हातात होता; दोघांपैकी कुणालाही त्याची आठवण करून द्यायची नव्हती.

"का फसवलंस?" त्याने विचारलं.

रात्रभर तिने एक छान वाक्य जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

"तक्रार मिटली असती तर तू आला नसतास," ती म्हणाली. "आणि मला तू यायला हवा होतास. तुझ्या आईचे तीन आठवडे मी खाल्ले, त्याची मला आयुष्यभर लाज वाटेल. पण तू यायला हवा होतास... अजूनही हवा आहेस."

तो एकदम खाली बघून हसला.

"तुमच्या काउंटरवाल्याने दुसऱ्याच शनिवारी दुसरी रेकॉर्ड देऊ केली होती मला. म्हटलं, नको... वरच्या बाईंनाच सावकाश तपासू द्या."

"म्हणजे तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, दोन्ही एकदम. त्याने हात सोडवून घेतला, तो तिचे डोळे पुसायला. आणि पुसून झाल्यावर पुन्हा तिच्या हातात दिला.

"अरे, झालं का विचारून?" आतून आवाज आला. "गॅस तर कालच नेलाय! मी किती वेळ दूध बघू?"

"झालं, आई!" तो ओरडला, पण तिचा हात सोडून काही उठला नाही.